बारा हंगामांची पलटण

जालना जिल्ह्याला स्वतःचा व्यावसायिक कबड्डी संघ नाही, आणि उरलेल्या मराठवाड्यालाही नाही. प्रो कबड्डीत महाराष्ट्राचे संघ दोनच, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. अंबड-घनसावंगीकडच्या किंवा भोकरदन-जाफराबादच्या कबड्डीवेड्या पोरांना या दोघांतूनच आपला संघ निवडावा लागतो. मी पलटण निवडली, ती तळाला होती तेव्हाच. बारा हंगाम उलटल्यावर मागं वळून पाहताना वाटतं, की या संघाच्या वाटचालीत आपल्या भागासाठी जेवढं आहे तेवढं दुसऱ्या कुठल्या संघाच्या वाटचालीत नसेल.

२६ जुलै २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते आणि पलटण आठवी आली. २०१५ मध्येही आठवीच. वझीरसिंगसारखा अनुभवी कर्णधार होता, पण चढाईला बळ नव्हतं आणि एकदा लोण बसला की संघ पुन्हा उभाच राहत नसे. त्याच २०१५ साली अनुपकुमारच्या यू मुंबानं चषक उचलला, त्यामुळे पलटणवाल्यांना गावात तोंड वर काढायची सोय नव्हती.

कबड्डी टीव्हीवर कोण पाहणार, असं तेव्हा बरेच जण विचारत. या खेळाचा जुना प्रवास ठाऊक असलेल्यांना मात्र कबड्डी टीव्हीवर आल्याचं फारसं नवल वाटलं नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डीची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला. तोही उघड्यावर, मातीच्या मैदानात. अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, चेंडू चिखलात टप्पा घेईना, आणि अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. मातीतला तो खेळ पुढे लाकडी तळाच्या बंदिस्त सभागृहात गेला, जर्मनीपासून स्पेनपर्यंत त्याचे व्यावसायिक क्लब उभे राहिले. कबड्डीला मातीवरून मॅटवर आणि पगारी संघांपर्यंत यायला त्याहून कितीतरी अधिक वर्षं लागली.

तिसऱ्या हंगामापासून, म्हणजे २०१६ पासून, पलटणनं नावाजलेले खेळाडू आणले. मनजित चिल्लर कर्णधार, सोबत अजय ठाकूर आणि दीपक हुडा. फरक लगेच दिसला: तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही हंगामांत संघ तिसरा आला. २०१७ मध्ये हुडाच्या नेतृत्वाखाली बाद फेरीही गाठली. पण हे यश उसनं होतं असं माझं मत आहे. लिलावात तारा निघून गेला की त्याच्या जागी उभा राहील असा तयार खेळाडू मागं कुणी नसे. २०१८ आणि २०१९ मध्ये ते उघडंच पडलं. दोन्ही वर्षी बाद फेरीही नाही.

मग कोरोनानं २०२० चा हंगाम गिळला, आणि २०२१ च्या डिसेंबरात बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना, आठवा हंगाम सुरू झाला. पलटण खऱ्या अर्थानं इथं बदलली. प्रशिक्षक होते अनुपकुमार. एकेकाळी ज्यांच्या मुंबाचा हेवा वाटायचा तेच. राहुल चौधरी, नितीन तोमर ही मोठी नावं संघात होती, तरी हंगाम गाजवला तो नवोदित म्हणून घेतलेल्या दोन पोरांनी: हरियाणाचा मोहित गोयत आणि मराठवाड्याच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला अस्लम इनामदार. ‘युवा पलटण’ या नावानं संघानं तरुणांची फळी तयार करायला घेतली होती. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, तेव्हापासून सीड प्लॉट म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. एक हंगाम उत्पन्नाकडं न बघता वाण जपायचा असतो. पलटणनं तेच केलं.

पुढच्याच वर्षी त्याचं फळ दिसलं. नवे प्रशिक्षक बी. सी. रमेश, कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली कर्णधार म्हणून, आणि पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत. उपांत्य सामन्यात तमिळ थलैवाजला ३९-३७ असं हरवताना पंकज मोहितेनं जीव ओतला होता. पण १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरविरुद्ध अस्लम आणि मोहित दोघंही मैदानात नव्हते. ३३-२९. चार गुणांनी चषक गेला.

दहावा हंगाम मात्र मनसोक्त आठवावा असा. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम होता आणि नाशिकचा आकाश शिंदेही. अंतिम सामना इराणशी झाला होता. त्या इराणी संघातला मोहम्मदरझा शादलुई पलटणनं २ कोटी ३५ लाखांना घेतला, आणि दोन महिन्यांच्या आत हे प्रतिस्पर्धी एका संघात खेळू लागले. यावेळी कर्णधार अस्लम. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी फक्त २ हरले, ९६ गुणांसह अव्वल राहिले. उपांत्य फेरीत पाटण्याला ३७-२१ असं गारद केलं. १ मार्च २०२४, हैदराबाद. हरियाणा स्टीलर्सविरुद्ध दोन्ही बाजूंचा बचाव इतका कडक, की एकेका गुणासाठी झगडा चालला होता. मध्यंतर तोंडावर असताना पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले आणि सामन्याची बाजू पलटली. २८-२५. दहा वर्षांनी चषक पुण्यात आला. शादलुईनं पकडींचे ९९ गुण मिळवले, तर हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम. शादलुई महागडा तारा होता, नाही कसं म्हणायचं. पण त्याच्याभोवतीची फळी संघानं स्वतः वाढवलेली होती. म्हणून तो पैसा कामी आला.

अकरावा हंगाम लवकर सांगून टाकतो. अस्लम जखमी होऊन बाहेर बसला, शादलुई हरियाणाकडं गेला आणि हरियाणानं चषक जिंकला. पलटण बाद फेरीबाहेर. गंमत म्हणजे अंतिम सामना झाला तो बालेवाडीत.

२०२५ च्या बाराव्या हंगामात प्रशिक्षक म्हणून अजय ठाकूर होता, जो २०१६ मध्ये याच संघाकडून चढाया करायचा. अस्लम परतला. साखळीत पलटण आणि दबंग दिल्ली शेवटपर्यंत बरोबरीनं वर होते. पहिल्या पात्रता सामन्यात दिल्लीनं बरोबरीनंतरच्या टायब्रेकरवर मात केली, तरी तेलुगू टायटन्सला हरवून पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोचली. ३१ ऑक्टोबरला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये आदित्य शिंदेनं झुंज दिली, पण समोरच्या बचावात आपलाच जुना कर्णधार फझल अत्राचली उभा होता. ३१-२८.

चार हंगामांत तीन अंतिम फेऱ्या, त्यातली एक जिंकलेली. अस्लम, पंकज, आकाश, आदित्य या मराठी पोरांच्या नावावर हे सगळं जमा आहे. त्या यादीत मराठवाड्याचं नाव असावं असं मला फार वाटतं. मंठा-परतूरकडं चपळ पोरं कमी नाहीत. पण ती अनवाणी मातीवर खेळून मोठी होतात आणि निवड चाचणीला पहिल्यांदा मॅटवर उभी राहतात. मॅटवर पाय मातीसारखा सरकत नाही, तो धरला जातो. वळताना घोटा आणि गुडघा अडकतो. ही सवय आठ दिवसांत होत नाही. जालन्यात सळ्यांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, गावोगावच्या स्पर्धांना रोख बक्षिसं द्यायला लोक पुढं येतात. त्या बक्षिसांतलीच थोडी रक्कम बाजूला काढून तालुक्याच्या ठिकाणी एकेक मॅट आणि वर्षभर थांबणारा एकेक प्रशिक्षक मिळाला, तर पुण्याच्या चाचणीला जाणारं पोर नुसतं हौसेनं जाणार नाही.