अंथरूण पाहावे, पण आधी पाय पाहावेत
लांबच्या प्रवासात जास्तीचे भाडे कधी मोजावे?



दसरा जवळ आला की सातारा-सांगलीच्या आपल्या वस्त्यांत दीक्षाभूमीला जाण्याची बोलणी सुरू होतात. कोण कोण येणार, भाकऱ्या किती बांधायच्या, वर्गणी किती, सगळे ठरते. एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. जाणारा माणूस बसून जाणार, उभा जाणार की पडून जाणार? कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा करत नागपूरला पोहोचते. सांगलीत बसलेला माणूस जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढतो. एवढा वेळ देहाला कसे ठेवायचे, हा आरोग्याचा प्रश्न आहे. म्हणून तो या पानावर घेतला आहे.

एका मावशींची गोष्ट सांगतो. वय अठ्ठावन्न, साखरेचा आजार, चार घरची धुणीभांडी. दोन वर्षांपूर्वी त्या नागपूरहून परतल्या त्या जनरल डब्यात, संडासाच्या दाराजवळ गुडघे पोटाशी घेऊन. पाणी प्यायल्या नाहीत, कारण उठले की जागा जाणार. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजली, ताठली, गरम लागू लागली. शेजारणीने चांगल्या मनाने तेल लावून रगडून दिली. आम्ही पाहिले तेव्हा एक पाय दुसऱ्यापेक्षा उघड जाड दिसत होता. त्याच दिवशी मिरजेला सरकारी रुग्णालयात नेले, पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली. पोटरीतल्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या कित्येक महिने चालल्या. दीड महिना काम बंद, त्यात दोन घरे सुटली.

स्लीपरचे तिकीट का काढले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तेवढ्यात नातवाचं दप्तर आलं." आम्हाला त्यांना बोल लावायचा नाही. पण हिशेब मांडायचा आहे. वाचवले काहीशे रुपये, आणि गेली दीड महिन्याची मजुरी.

पायात नेमके काय होते?

हृदय रक्त खाली पायापर्यंत पाठवते. ते परत वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, सैल पडते आणि रक्त वर ढकलले जाते. तासन्तास पाय लोंबकळत ठेवून बसलो की हा पंप बंद पडतो. त्यात पाणी कमी प्यायले, गुडघ्यामागची शीर बाकाच्या कडेने दाबली गेली, की साचलेल्या रक्तात गुठळी धरू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

विमानातल्या अडचणीच्या जागेवरून या दुखण्याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असे नाव पडले. त्यामुळे हा श्रीमंतांचा आजार वाटतो. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक रात्र-रात्र आसऱ्याच्या जागी खुर्च्यांत बसून काढत. अशा माणसांत फुप्फुसातल्या गुठळीने मृत्यू वाढल्याचे डॉ. कीथ सिम्प्सन यांनी १९४० साली नोंदवले. तिथे विमानाचा संबंधच नव्हता. होते ते फक्त रात्रभर बसणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले की चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते. मग ते विमान असो, रेल्वे असो, बस असो की मोटार. निरोगी माणसात ही शक्यता सहा हजारांत एक, म्हणजे थोडीच. तेव्हा घाबरून प्रवास सोडू नका. पण काही माणसांत ती पुष्कळ वाढते, आणि ती माणसे आपल्या घरातच असतात.

दुप्पट भाडे आणि तहान

प्रवासाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९०१ च्या सुमारास लहानगे बाबासाहेब घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरले. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते, त्यांच्याकडे जायचे होते. जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे. जवळ जेवण होते, पण वाटेत पाणी कुणी दिले नाही. रात्र तहानेत गेली. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आजही आपल्या गाड्या मसूरवरून जातात. त्या स्टेशनवरून जाताना आम्हाला दरवेळी वाटते, दुप्पट पैसे मोजूनही त्या मुलांना देहाला लागणारी साधी गोष्ट मिळाली नाही. आज तिकिटाच्या खिडकीवर जात विचारत नाहीत. आज आपल्याला अडवते ती दुसरीच गोष्ट. स्वतःच्या देहावर खर्च करणे म्हणजे चैन, असे आपल्या बायकांच्या मनात बसले आहे. मुलाच्या फीला पैसे निघतात, लग्नाला निघतात, आईच्या बर्थला निघत नाहीत. तथागतांनी देहाचे लाड नाकारले, तसा देहदंडही नाकारला. ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेब दीक्षेसाठी दिल्लीहून नागपूरला विमानाने आले. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने देह थकला होता. तो डामडौल नव्हता, ती गरज होती.

कुणासाठी जास्तीचे पैसे मोजावेतच?

आमच्या मते आधी विचारायचे ते हे : या पैशात आपण काय विकत घेतो आहोत? पाठ टेकायला फळी, उठून संडासाला जायची मोकळीक आणि पाणी प्यायची सोय मिळत असेल तर तो खर्च औषधासारखा समजावा. नुसता गारवा, पडदे आणि थाट मिळत असेल तर तो हौसेचा खर्च.

रात्रभराचा प्रवास असेल तर पुढच्या माणसांना जनरल डब्यात पाठवू नये :

• गरोदर बाई, आणि बाळंतपणाला सहा आठवडे झाले नाहीत अशी बाई. यांनी लांबचा प्रवास डॉक्टरांना विचारूनच करावा.
• नुकतेच मोठे ऑपरेशन झालेले, पायाला प्लॅस्टर असलेले. यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.
• पूर्वी कधी गुठळी झालेले.
• कर्करोगाचे उपचार चालू असलेले, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण.
• साठीच्या पुढचे, फार जाड असलेले, साखरेमुळे पायाला मुंग्या आणि बधिरपणा असलेले.

यांच्यासाठी स्लीपरची खालची बर्थ पुरेशी आहे. स्लीपरचे भाडे जनरलच्या साधारण दीड ते दोन पट असते. थ्री एसीचे स्लीपरच्या अडीच पटीच्या आसपास जाते. थ्री एसी कधी? उन्हाळ्यात दमेकरी किंवा हृदयरोगी माणूस असेल तेव्हा, केमोथेरपीनंतर गर्दी आणि खोकला टाळायचा असेल तेव्हा. तरणाताठा, निरोगी माणूस दिवसा पाच-सहा तास बसून गेला तर काही बिघडत नाही. अधूनमधून उठले म्हणजे झाले. घरात पैसे एकाच बर्थचे असतील तर ती मिळवत्या माणसाला की आजारी माणसाला, यावर वाद नको. आजारी माणसाला.

पैसे कमी लागावेत म्हणून

रेल्वेचे आरक्षण आता गाडीच्या दिवसाआधी साठ दिवस उघडते. दसऱ्याची आणि सहा डिसेंबरची तारीख आधीच माहीत असते. वस्तीतल्या एका शिकलेल्या मुलाकडे हे काम द्या. दोन महिने आधी थोडे थोडे पैसे बाजूला टाकले तर बर्थ जड जात नाही.

साठ वर्षांवरील पुरुष, ४५ वर्षांवरील बाई आणि गरोदर बाई यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. तिकीट काढताना वय बरोबर लिहा आणि खालची बर्थ मागा. तिकिटावर 'ऑटो अपग्रेड'ला होकार दिला तर वरच्या वर्गात जागा उरल्यास जास्तीचे पैसे न भरता तिथे जागा मिळू शकते. पण तिथे खालची बर्थ मिळेलच असे नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला थ्री एसीतली सर्वांत वरची फळी मिळाली तर ती बढती नव्हे, शिक्षा आहे. तिच्या तिकिटावर होकार देऊ नका.

ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. रुग्णांच्या काही सवलती मात्र चालू आहेत, आणि त्या आपल्या लोकांना ठाऊक नसतात. कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराला जाता-येताना स्लीपर आणि थ्री एसीचे मूळ भाडे पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. डायलिसिस किंवा मूत्रपिंड बदलण्यासाठी जाणाऱ्यांना आणि हृदयाच्या ऑपरेशनला जाणाऱ्यांना या दोन्ही वर्गांत ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयातून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा आणि आरक्षणाच्या खिडकीवर तिकीट काढावे. परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी आपली माणसे महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर ताटकळत जातात आणि सुई टोचून घेऊन तशीच परततात. जाताना नसेल जमत तर निदान परतताना तरी पडून या. उपचारानंतरचा देह जास्त थकलेला असतो.

एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील सर्वांना प्रवास मोफत आहे. वाचलेल्या पैशात साध्या गाडीऐवजी आरामाची गाडी परवडते का, ते पाहा. बुद्धगया-सारनाथची सहल खासगी बसने निघते तेव्हा आयोजकाला पैसे देण्याआधी विचारा : किती रात्री बसमध्ये काढायच्या? मुक्काम कुठे कुठे? दर दोन-तीन तासांनी थांबणार का? स्वस्त सहलीत बऱ्याचदा मुक्कामच कापलेले असतात.

विमानाचे काय?

आता आपली मुले राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला जातात. काहींचे आईवडील पहिल्यांदा विमानात बसतात. मुंबईहून लंडनला नऊ-दहा तास, अमेरिकेला थेट गेले तर पंधरा-सोळा तास. मुलगा प्रेमाने म्हणतो, आईला बिझनेस क्लासने आणतो. भाडे साध्या तिकिटाच्या तीन-चार पट, कधी त्याहून जास्त. आईचे गुडघे दुखतात एवढ्यासाठी कर्ज काढू नये. गुठळी महाग जागेने टळत नाही, हालचालीने टळते. वाटेकडेची जागा मागा. खिडकीजवळचा माणूस दुसऱ्याला उठवायला लाजतो आणि बसून राहतो. चाकाची खुर्ची हवी असल्याचे तिकीट काढतानाच सांगा, तिला पैसे पडत नाहीत. ऑपरेशन नुकतेच झाले आहे, पाय दुमडता येत नाही, पूर्वी गुठळी झाली आहे, आणि प्रवास टाळता येत नाही, अशा वेळीच आडवे होण्याच्या जागेचा विचार करावा. तोही आधी डॉक्टरांना विचारून.

कुठल्याही डब्यात बसलात तरी

दर अर्ध्या तासाने टाचा उचला, टेकवा, चवडे वर करा, वीस वेळा. तासा-दोन तासांनी उभे राहा. ठेंगण्या बाईचे पाय बाकावरून लोंबकळतात, तिने पायाखाली पिशवी ठेवावी. घोट घोट पाणी प्या. लघवी अडवून ठेवू नका, आणि ती लागू नये म्हणून तहान मारू नका. साखरेच्या गोळ्या, इन्शुलिन आणि भाकरी हाताशी असू द्या. डॉक्टरांनी सांगितले असेल तर गुडघ्याखालचे घट्ट मोजे घाला. रक्त पातळ होण्याची गोळी आपल्या मनाने घेऊ नका.

प्रवासानंतर दोन्ही पाय थोडे सुजले आणि रात्रीत उतरले तर भीती नाही. पण एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर तेल लावू नका, रगडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि "लांबचा प्रवास करून आलो" हे आपणहून सांगा. धाप लागली, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले तर १०८ ला फोन करा. हे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही होऊ शकते.

त्या मावशींनी गेल्या वर्षी आम्हाला विचारले, "ताई, औंदा जाऊ का नगं?"

आम्ही म्हणालो, "जा की मावशी. पण डॉक्टरांना विचारून, आणि पडून जा."

त्यांच्या बर्थचे पैसे महिला मंडळाने भिशीतून दिले, आणि दर महिन्याला थोडे थोडे करून त्यांनी ते फेडले. दीक्षाभूमीवर त्या आपल्या पायांनी चालल्या आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. दरवर्षी प्रत्येक वस्तीने आपल्यातल्या अशा पाच-दहा जणांची यादी करावी आणि वर्गणी ठरवताना त्यांच्या बर्थचा खर्च भाकरीच्या खर्चाइतकाच पक्का धरावा, एवढीच विनंती.

जय भीम!