दिसतं तसं नसतं!

केसांत फुलं, जुळलेल्या भुवया, गळ्यात ठसठशीत माळा. फ्रिडा कालोचा हा चेहरा तुम्ही टोट बॅगवर, मगवर, नाहीतर मैत्रिणीच्या कानातल्यांवर नक्की पाहिला असेल. पण तिच्या अंगावरचे ते कपडे कुठले, हा प्रश्न कधी पडलाय?

उत्तर मेक्सिको सिटीतल्या ‘कासा असुल’मध्ये, म्हणजे फ्रिडाच्या निळ्या घरात आहे. 1954 मध्ये ती गेली. तिचा नवरा, चित्रकार दिएगो रिव्हेरा याने तिचं सामान न्हाणीघरात बंद केलं. आपल्या मृत्यूनंतरही 15 वर्षं ते उघडू नका, असं बजावलं. दार उघडलं ते थेट 2004 मध्ये! आत सुमारे 300 कपडे, दागिने आणि वस्तू होत्या. 2012 मध्ये त्यांचं प्रदर्शन याच घरात भरलं. त्याच्या स्पॅनिश नावाचा अर्थ आपल्याकडच्या म्हणीसारखाच, दिसतं तसं नसतं.

फ्रिडाचा आवडता पोशाख दक्षिण मेक्सिकोतल्या तेवांतेपेक भागातल्या झापोतेक बायकांचा. बाजार हातात ठेवणाऱ्या, ताठ मानेच्या बायका अशी त्यांची ख्याती. वर चौकोनी, सैल ‘उईपिल’, त्यावर साखळी टाक्याचं भरतकाम, खाली झालरीचा पायघोळ घागरा. सहाव्या वर्षी पोलिओ, अठराव्या वर्षी बसचा भीषण अपघात. फ्रिडाला पाठीसाठी प्लास्टरचे कॉर्सेट घालावे लागत. सैल उईपिलखाली ते मावायचे, घागऱ्यात बारीक झालेला उजवा पाय झाकला जायचा. 1953 मध्ये तो पाय कापला, तर पठ्ठीने कृत्रिम पायासाठी लाल बूट करून घेतला, त्यावर चिनी भरतकाम आणि घुंगरं!

म्हणजे ही नुसती फॅशन नव्हती. आईचं मूळ ओआहाकातलं, त्याचा अभिमानही त्यात होता.

आता फ्रिडाला थोडं बाजूला ठेवूया. मेक्सिकोत अनेक गावांत बायका आजही मागाचा पट्टा कमरेला बांधून, दुसरं टोक झाडाला अडकवून कापड विणतात. ते कापड बेतून कापत नाहीत, पट्ट्या तशाच जोडून उईपिल शिवतात. लाल रंग येतो निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून. एकेका कपड्यामागे महिनोन् महिने जातात. त्यांचं नाव मात्र कुठल्याच मगवर नसतं.

2020 मध्ये मेक्सिकोच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी फ्रेंच डिझायनर इझाबेल मरां हिला पुरेपेचा समाजाची नक्षी वापरल्याबद्दल जाब विचारला. तिने माफी मागितली. 2022 मध्ये तर मूलनिवासींच्या कलेच्या संरक्षणासाठी तिथे कायदाच आला. ओळखीचं वाटतंय ना? 2025 मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपणही हेच विचारत होतो, आमच्या कारागिरांचं नाव कुठाय?

मेक्सिकोचं तिकीट आपल्याला सध्या तरी परवडणारं नाही. पण गूगल आर्ट्स अँड कल्चरवर कासा असुलमध्ये फेरफटका मारता येतो. जरूर मारा. आणि पुढच्या वेळी ‘एथनिक प्रिंट’चा टॉप कार्टमध्ये टाकताना एकदा विचारा, ही नक्षी मुळात कुणाची?