स्थानिक कौन्सिलाची लोकसंख्या किती असावी?

एका स्थानिक कौन्सिलाच्या अंमलाखालीं किती माणसें असावींत, हा प्रश्न वरकरणीं अंकगणिताचा दिसतो. परंतु इंग्लंडांत तो जवळजवळ साठ वर्षें सुटतां सुटत नाहीं.

१९६६ सालीं नेमलेल्या रेडक्लिफ-मॉड कमिशननें १९६९ च्या अहवालांत कमींत कमी सुमारें २,५०,००० व अधिकांत अधिक सुमारें १०,००,००० अशी मर्यादा सुचविली. खालच्या आंकड्यामागील कारण उघड आहे. लहान टापूंत बहिरीं मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच असणार. मग त्यांच्यासाठीं तज्ज्ञ शिक्षक नेमणें कौन्सिलास परवडावें कसें? वरच्या आंकड्याचें कारण निराळें. पसारा फार वाढला कीं सभासदास कारभार आटोपत नाहीं, आणि मतदारास सभासद भेटत नाहीं!

गंमत अशी, कीं आकार व कारभाराची गुणवत्ता यांचा ठाम संबंध कमिशननेंच करविलेल्या संशोधनांत आढळला नव्हता. सभासदांपैकीं डेरेक सीनियर यांनीं तर भिन्नमतपत्रिकाच जोडली. लोक कामधंद्यास व बाजारास कोठें जातात, तें आधीं पाहून सीमा आंखाव्या, असें त्यांचें म्हणणें. आणि तेंच अधिक सयुक्तिक वाटतें.

१९७४ च्या पुनर्रचनेंत रटलंड ही चिमुकली कौंटी लेस्टरशायरांत विलीन झाली. तेथील लोकांना हें कधींच रुचलें नाहीं. १९९७ सालीं त्यांना आपलें स्वतंत्र कौन्सिल परत मिळालें. २०२१ च्या शिरगणतींत तेथें माणसें भरलीं अवघीं सुमारें ४१,०००.

असें असतां डिसेंबर १९२४ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या डिसेंबर २०२४ मधील श्वेतपत्रिकेनें नव्या कौन्सिलांस ५,००,००० वा अधिक लोकसंख्येचा दंडक घातला. अपवादास वाव मात्र ठेवला. यांत काटकसरीची भाषा फार आहे. शाळा व मोठे रस्ते कौंटीकडे, कचरा व घरें डिस्ट्रिक्टकडे, असे दोन थर जेथें आहेत, तेथें एक थर काढल्यानें खर्च वांचेलही. पण ती बचत थर काढल्याची. तिचें श्रेय ५,००,००० या आंकड्यास देणें योग्य नव्हे.

फ्रान्सनें निराळी वाट धरली आहे. तेथें सुमारें ३५,००० कम्यून आहेत, व त्यांतील कित्येक आपल्याकडील वाडीएवढ्या. प्रत्येकीस स्वतःचा महापौर असतो. पाणी, कचरा अशीं जड कामें मात्र शेजारच्या कम्यून संघ करून चालवितात.