मशीनवर ‘परफेक्ट’, घरी मात्र ‘गुड’: डान्स गेमचं टायमिंग घरी का चुकतं?

स्क्रीनवर बाण वर सरकतायत, पायाखालचे पॅड उजळतायत आणि एखादा पोरगा घामाघूम होऊन ठेक्यावर पाय आपटतोय. गेमिंग झोनमधलं हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. या खेळांचा मोठा भाऊ म्हणजे ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’, म्हणजेच डीडीआर. जपानच्या कोनामी कंपनीनं तो १९९८ मध्ये आर्केडमध्ये आणला आणि १९९९ मध्ये घरच्या प्लेस्टेशनवर.

या खेळाडूंची एक तक्रार हमखास ऐकू येते. गाणं तेच, बाण तेच, पायही तेच. मग मशीनवर जमतं ते घरी का जमत नाही?

आधी चूक किती छोटी असते ते बघू. ‘स्टेपमेनिया’ या मोफत गेमच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ‘परफेक्ट’ मिळवायला पाय ठेक्याच्या मागेपुढे ४५ मिलिसेकंदांत पडावा लागतो. त्याहून वरच्या ‘मार्व्हलस’साठी फक्त २२.५. ‘ग्रेट’ ९० पर्यंत, ‘गुड’ १३५ पर्यंत. एका सेकंदात १००० मिलिसेकंद असतात, हे लक्षात घ्या.

आता घरचा टीव्ही बघा. आजचा एलसीडी टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. आधी ते मोठं करतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो. या सजावटीत कित्येक टीव्हींमध्ये ५० ते १०० मिलिसेकंद जातात. समजा तुमच्या टीव्हीत ८० जातात आणि आवाजही तेवढाच उशिरा येतो. तुम्ही अगदी ठेक्यावर पाय टाकला, तरी गेमच्या हिशेबानं तुम्ही ८० नं लेट. त्यात तुमची स्वतःची २० ची चूक मिसळली की थेट ‘गुड’, आणि कॉम्बो तुटला.

गंमत म्हणजे १९९९ मध्ये ही भानगड जवळपास नव्हतीच. जुनी डीडीआर मशीन कोनामीच्या ‘सिस्टीम ५७३’ बोर्डवर चालायची आणि हा बोर्ड प्लेस्टेशनच्याच हार्डवेअरवर बेतलेला होता. दोन्हीकडे काचेच्या पिक्चर ट्यूबचे डबा टीव्ही, जे सिग्नल आला की लगेच चित्र काढत. म्हणजे टायमिंगच्या बाबतीत तेव्हाचा डबा आजच्या महागड्या फोर-के टीव्हीपेक्षा आर्केडच्या जास्त जवळ होता!

आवाजाचं प्रकरण वेगळंच. हवेतून आवाजाला ३ मीटर यायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात, ते चालून जातं. पण ब्लूटूथ इअरबड्स शंभर-दोनशे मिलिसेकंद खाऊ शकतात. व्हिडिओ बघताना हे कळत नाही, कारण ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवतं. गेमला मात्र तुमचा पाय कधी पडणार हे आधी कसं कळणार?

खरा तोटा मार्कांचा नाही, सवयीचा आहे. घरी रोज सराव करणारा नकळत ठेक्याच्या थोडं आधी पाय टाकायला शिकतो. मग तोच खेळाडू आर्केडमध्ये जातो, तिथं उशीर नसतो आणि त्याची प्रत्येक स्टेप ‘लवकर’ पडते. महिनोन् महिने घटवलेलं शरीर एका मिनिटात बदलत नाही.

यावर उपाय कॅलिब्रेशन. टीव्हीचा ‘गेम मोड’ आधी चालू करा, मग गेममध्ये जाऊन चित्र आणि आवाज यांचा उशीर वेगवेगळा भरा. २००८ च्या ‘रॉक बँड २’ मध्ये तर गिटारमध्येच प्रकाश आणि आवाज टिपणारे सेन्सर होते. गिटार टीव्हीसमोर धरली की गेम स्वतःच उशीर मोजायचा. डोक्यालिटी!

पण कॅलिब्रेशन ठरावीक उशीरच भरून काढतं. प्रत्येक वेळी बदलणारा उशीर त्याच्या हातात नसतो. गेम ६० फ्रेमवर चालत असेल आणि फ्रेममागे एकदाच पॅडकडे बघत असेल, तर एखादी स्टेप लगेच नोंदली जाते आणि दुसरी १६ मिलिसेकंद ताटकळते. त्यात घरचा पॅड प्लास्टिकची चटई. ती फरशीवर सरकते, तिच्यातले थर कधी नीट दाबले जातात, कधी नाही. आर्केडच्या पॅडमध्ये घट्ट बसवलेल्या पॅनलखाली सेन्सर असतात. त्यामुळे बजेट मर्यादित असेल, तर माझ्या मते नव्या टीव्हीपेक्षा आधी टणक पॅडवर पैसे घालावेत. टीव्हीचा उशीर निदान सेटिंगमध्ये आकडा टाकून भरता येतो.