सिस्टरचा दाखला

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा नेहमीप्रमाणे एखादा वैद्यकीय विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु गेली तीन वर्षे एक गोष्ट सलत आहे, तीच येथे मांडतो. विषय परिचारिकांचा आहे आणि थोडा आपल्या व्यवसायाचाही.

दांडिया बाजारापासून जवळच माझे बारा खाटांचे प्रसूतिगृह आहे. तेथे अकरा वर्षे काम करणारी एक सिस्टर तीन वर्षांपूर्वी ओपीडी आटोपल्यावर समोर येऊन उभी राहिली. "सर, अनुभवाचा दाखला पाहिजे होता." हातात एक रंगीत पत्रक होते. अमेरिकेत व कॅनडात 'लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स' म्हणून हमखास नोकरी. शिक्षण बारावी, अनुभव पाच वर्षे, खर्च साडेसहा लाख, असा मजकूर गुजरातीत छापलेला होता. तिचे वडील खानदेशातून येथे गिरणीत कामाला आलेले. गावाकडची दीड एकर जमीन विकण्याची बोलणीही सुरू झाली होती.

मी लेटरहेड पुढे ओढले. नाव, कालावधी, कामाचे स्वरूप लिहिले आणि नोंदणी क्रमांकापाशी लेखणी थांबली. क्रमांक नव्हताच. बारावी कला शाखा उत्तीर्ण होऊन ही मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा मीच तिला रक्तदाब घेणे, ऑटोक्लेव्ह लावणे, ट्रॉली मांडणे, सलाईन लावणे शिकवले. चार महिन्यांत तिला पांढरा गणवेश मिळाला आणि रुग्णांची ती 'सिस्टर' झाली. लहान रुग्णालयांतून ही पद्धत किती रूढ आहे, हे वाचकांपैकी डॉक्टरांना मी सांगावयास नको.

तिच्या हाताविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. एका पावसाळी रात्री प्रसूतीनंतर वार पडली, सर्व ठीक आहे असे समजून मी हात धुवावयास गेलो. इतक्यात तिने हाक मारली. गर्भाशय सैल पडले होते. मी परत येईपर्यंत ती एका हाताने पोटावरून ते चोळत होती आणि मावशींकडून ऑक्सिटोसिन मागवून झाले होते. ती बाई वाचली, त्यात माझ्याइतकाच तिचा वाटा होता. हे दाखल्यात कोणत्या रकान्यात लिहावे?

दाखला दोन दिवस थांबवून मी चौकशी केली. न्यू जर्सीतील एका वर्गमित्राला व टोरांटोजवळ राहणाऱ्या भाचीला दूरध्वनी केले. 'लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स' हा अमेरिकेतील एक प्रतिष्ठित व कष्टाचा व्यवसाय आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. मान्यताप्राप्त संस्थेत साधारण एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यानंतर 'एनक्लेक्स-पीएन' ही परीक्षा आणि मग राज्याचा परवाना. कॅलिफोर्निया व टेक्सास येथे हिलाच 'लायसन्स्ड व्होकेशनल नर्स' म्हणतात. औषधे देणे, मलमपट्टी, कॅथेटर, इन्शुलिन, रुग्णाच्या स्थितीची नोंद ही तिची कामे. शिरेतून औषध देण्याची मुभा किती, हे राज्याराज्यांत वेगवेगळे. तिच्यावर देखरेख रजिस्टर्ड नर्सची किंवा डॉक्टरची. सर्वाधिक नोकऱ्या नर्सिंग होममध्ये. मात्र तेथे नर्सिंग होम म्हणजे वृद्धांचे निवासी शुश्रूषागृह, आपल्यासारखे टाके घालण्याचे ठिकाण नव्हे. २०२३ च्या तेथील सरकारी आकडेवारीत तिचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे ६० हजार डॉलर होते, तर रजिस्टर्ड नर्सचे ८६ हजार. ही दरी ओलांडण्यासाठी तेथे 'ब्रिज' अभ्यासक्रम आहेत आणि अनेकजणी नोकरी सांभाळून ते पूर्ण करतात.

आता पत्रकाची गोष्ट. बारावी आणि अनुभव एवढ्यावर हा परवाना कोठेच मिळत नाही. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अमेरिकेने 'शेड्यूल ए' नावाची सवलतीची यादी केली आहे. तीत रजिस्टर्ड नर्स व फिजिओथेरपिस्ट आहेत, प्रॅक्टिकल नर्स नाही. भारतीय परिचारिका तेथे पोहोचतात त्या बहुधा जीएनएम किंवा बी.एस्सी. होऊन, 'एनक्लेक्स-आरएन' देऊन. कॅनडात हा दर्जा आहे, ऑन्टॅरिओत त्याचे नाव 'रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स'. भारतातून पूर्ण शिक्षण घेऊन गेलेल्या काही मुली प्रथम याच पायरीवर काम धरतात. परंतु त्यांच्याही कागदपत्रांची छाननी होते आणि परीक्षा द्यावी लागते. पहिला प्रश्न तोच: तुमच्या देशात तुमची नोंदणी आहे काय?

मी तिला व तिच्या वडिलांना बोलावून हे सर्व समजावले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अकरा वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं, पोरीचा कोर्स राहिलाय म्हणून." मी काय उत्तर द्यावे?

आपल्याकडे शिडी नाही असे नाही. एएनएम दोन वर्षांची. गुजरातच्या सरकारी सेवेत तिला एफएचडब्ल्यू म्हणतात आणि सपाटीच्या भागात साधारण पाच हजार वस्तीचे उपकेंद्र तिच्यावर चालते. जीएनएम तीन वर्षांची. त्यापुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी., नंतर एम.एस्सी. आणि अध्यापन. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो. कागदावर ही वाट चांगली दिसते. परंतु बहुतेक पायऱ्यांना पूर्णवेळ शिकावे लागते, म्हणजे तितकी वर्षे पगार बंद. तिकडची परिचारिका नोकरीत राहून वर चढते, इकडची नोकरी सोडून. घर जिच्या पगारावर चालते, ती पहिल्याच पायरीवर राहते आणि आमच्यासारख्यांकडे असलेली तर पायरीच्याही खाली.

जीएनएमच्या प्रवेशाला कमाल वय पस्तीस. तिला एकतीस पूर्ण झाले होते आणि बारावीला इंग्रजी होते. अभ्यासाची वर्षे तिला अर्धा पगार द्यावा, असे मी घरी बोलून दाखवले. मनात थोडा उदारपणाचा भाव असावा. सौ. म्हणाली, "अकरा वर्षे तिला सिस्टरचा पूर्ण पगार तरी आपण कुठे दिला होता?" अर्धा पगार पाऊण झाला. सयाजी हॉस्पिटलमध्ये माझ्या इंटर्नशिपच्या काळात शीर कशी शोधावी हे मला एका वडीलधाऱ्या सिस्टरनेच शिकवले होते, याचीही त्या रात्री फार वर्षांनी आठवण झाली.

जमीन विकली गेली नाही. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातील मुली तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. त्या तिला 'दीदी' म्हणतात. शरीररचनाशास्त्रात ती पहिल्या वर्षी एकदा अनुत्तीर्ण झाली, प्रसूतिशास्त्रात मात्र वर्गात पहिली. परदेशाचा विषय तिने सोडलेला नाही. नोंदणी झाल्यावर इंग्रजीची परीक्षा द्यावयाची आहे असे म्हणते. तेव्हाही मला दाखला लिहावा लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत ती भेटावयास आली होती. लेबर रूममध्ये डोकावून आली आणि विचारले, "सर, ती नवीन मुलगी कोण? बारावी झाली आहे का तिची?"

तिला रुजू होऊन पाच महिने झाले होते. मी विचारलेच नव्हते.