एक कळफलक, अनेक संगणक
ज्या मेजावर एका संगणकाला जागा करून देताना पूर्वी कागदपत्रांचे गठ्ठे हलवावे लागत, त्याच मेजावर आज कचेरीने दिलेला लॅपटॉप, घरचा जुना डेस्कटॉप आणि क्वचित एखादा मॅक अशी तीन यंत्रे शेजारी शेजारी नांदू लागली असून, प्रत्येकाचा कळफलक व माऊस निराळा असल्यामुळे, घाईत भलताच माऊस हाती घेऊन समोरचा बाण का हलत नाही म्हणून खोळंबून राहण्याचा प्रसंग पुष्कळांच्या नित्य परिचयाचा झाला आहे. यावर, एकच कळफलक व माऊस अनेक संगणकांसाठी आळीपाळीने वापरू देणारी केव्हीएम स्विच नावाची पेटी फार दिवसांपासून मिळते. परंतु तारांचा गुंता आणि दर वेळी बटण दाबण्याचा उपद्व्याप तीत आलाच. तारांवाचून तेच काम करणारे सिनर्जी हे सॉफ्टवेअर ख्रिस शोनमन यांनी 2001 मध्ये तयार केले.

त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. कळफलक व माऊस ज्याला प्रत्यक्ष जोडलेले असतात तो संगणक सर्व्हर, बाकीचे क्लायंट. आणि कोणता पडदा कोणाच्या उजवीस, कोणता डावीस, ही मांडणी एकदा दप्तरी दाखल झाली, की बाण पडद्याच्या कडेला टेकताक्षणी सर्व्हर तो आपल्याकडे झाकून ठेवतो, आणि त्यापुढे माऊस किती सरकला व कोणती कळ दाबली गेली एवढीच वर्दी घरातल्या नेटवर्कवरून शेजारच्या यंत्राकडे रवाना करू लागतो. चित्र मात्र कोठेही जात नाही. प्रत्येक संगणक आपल्याच पडद्यावर आपले चित्र काढतो. दूरचा सबंध पडदाच आपल्याकडे ओढून आणणाऱ्या रिमोट डेस्कटॉपहून हा प्रकार मुळातच भिन्न आहे, आणि त्यामुळेच तो इतका चपळ वाटतो.

ही मांडणी हाताने लिहिताना ‘पहिल्याच्या उजवीस दुसरा’ एवढेच नोंदवून ‘दुसऱ्याच्या डावीस पहिला’ हे लिहावयाचे राहिले, तर बाण पलीकडे सुखरूप पोहोचतो, पण परतीचा परवाना नसल्यामुळे तिकडेच अडकून पडतो. हल्ली पडद्यांची चित्रे उचलून चौकटीत मांडली की दोन्ही दिशांची नोंद आपोआप होते, हे बरेच झाले. एका यंत्रावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर पेस्ट करता येतो, ही सोय आमच्या मते माऊसच्या सोयीहूनही मोलाची. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी मात्र इन्स्क्रिप्ट वा कळफलकाची जी मांडणी आपल्या सवयीची असेल ती दोन्ही यंत्रांवर बसवून घ्यावी. नाहीतर भलतीच अक्षरे उमटण्याचा संभव असतो.

सिनर्जीचाच वंश पुढे बॅरियर, इनपुट लीप व डेस्कफ्लो या मोफत प्रकल्पांत विस्तारला. याच कामाचे मायक्रोसॉफ्टचे ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ 2011 मध्ये आले. ते केवळ विंडोजवर, चार संगणकांपर्यंत चालते आणि आता पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्याच साधनसंचात समाविष्ट आहे. ॲपलचे ‘युनिव्हर्सल कंट्रोल’ मार्च 2022 मध्ये दाखल झाले. त्यासाठी मॅक व आयपॅड एकाच ॲपल खात्याखाली आणि सुमारे 10 मीटरच्या आत असावे लागतात.

एका कळफलकाच्या या अंमलाला मर्यादाही आहेत. यंत्र सुरू होऊन त्यावर असे सॉफ्टवेअर जागे होईपर्यंत त्याचा काहीच इलाज चालत नाही, म्हणून जुना कळफलक भंगारात देण्याची घाई करू नये. त्याहून गंभीर बाब अशी, की नेटवर्कवरून जाणाऱ्या त्या वर्दीत आपले पासवर्डही असतात, आणि सिनर्जीच्या आरंभीच्या आवृत्त्या ही सारी रवानगी उघड्यावरच करीत. तेव्हा कूटबद्धतेची सोय चालू आहे याची खातरजमा करावी, चहाच्या दुकानातील किंवा स्टेशनवरील फुकट वायफायवर हा खटाटोप मुळीच करू नये, आणि कचेरीच्या लॅपटॉपवर असे काही बसविण्यापूर्वी तेथील संगणक विभागाची रीतसर परवानगी घ्यावी.