सोमवारी लेणी बंद असतात

सोयगाव तालुक्यात कुणालाही विचारा, अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. समजा, लेण्यांजवळच्या फर्दापूरला भेटलेला प्रवासी म्हणाला, "आत्ताच आत जाऊन चित्रं बघून आलो." कॅलेंडर न बघताच कळतं, आज सोमवार नाही.

"सोमवार असेल तर लेणी बंद" आणि "लेणी उघडी असतील तर सोमवार नाही" ही वाक्यं समतुल्य आहेत. कशावरून? दोन्ही खोटी पडायला एकच प्रसंग लागतो: सोमवार आहे आणि लेणी उघडी आहेत. एक खरं नि दुसरं खोटं, असं कधीच होत नाही. आपल्या न्यायशास्त्राला ही जोडी ठाऊक होती. धूर तिथे अग्नी, ही अन्वयव्याप्ती. अग्नी नाही तिथे धूर नाही, ही व्यतिरेकव्याप्ती. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त पहिलीला स्वयंपाकघराचा दाखला आहे, दुसरीला जलाशयाचा.

मात्र "लेणी बंद आहेत, म्हणजे सोमवार" हे वेगळंच वाक्य. लेणी रोज संध्याकाळीही बंद होतात. वादात सर्वाधिक घसरण इथेच होते.

समतुल्य वाक्यं रोजच्या बोलण्यातही असतात. "लवकर नीघ, नाहीतर एसटी चुकेल" आणि "लवकर निघाला नाहीस तर एसटी चुकेल" यांचा अर्थ एकच, हे आई पोराला न शिकवताच शिकवते.

'नाही' आणि 'आणि' एकत्र आले की मात्र मराठीत खरी अडचण होते. कापूस विकायला सातबारा आणि आधार कार्ड, दोन्ही हवीत असं धरा. शक्यता चार: दोन्ही आहेत, फक्त सातबारा आहे, फक्त आधार आहे, काहीच नाही. पहिली सोडून तिन्ही वेळा माणूस परत फिरतो. म्हणून "दोन्ही आहेत असं नाही" म्हणजे "सातबारा नाही किंवा आधार नाही". नकार आत शिरला की 'आणि'चा 'किंवा' होतो. हा नियम ज्याच्या नावाने ओळखतात तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याच देशात, मदुराईला जन्मला. पण आपण बोलतो, "सातबारा आणि आधार नाही." ऐकणाऱ्याला वाटतं, दोन्ही नाहीत. एका कागदासाठी शेतकरी दोन्हींच्या मागे धावतो, दिवस जातो.

तेव्हा खिडकीवरून परत पाठवलं, तर तिथेच विचारा: दोन्ही नाहीत, की दोन्हीपैकी एक नाही?